आधी रूळ, मग बाबा

माझं दुकान रेल्वे फाटकाला लागून आहे. जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देतो. विहिरीवरची मोटार जळाली की माणूस ती पोत्यात गुंडाळून, फटफटीला बांधून आणतो, दुकानासमोर धपकन टाकतो आणि म्हणतो, उद्या सकाळी पाहिजे. मी म्हणतो, उद्या पाहिजे होती तर परवा जाळायची होती. तो हसतो, कारण माझं तोंड सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तोंड वाईट, पण भरलेली मोटार लवकर जळत नाही, म्हणून लोक येतात.

गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधलं. मोठी लाईन गावाच्या पोटातून जाते, त्यामुळे अर्धं गाव इकडे आणि अर्धं तिकडे. फाटक पडलं की दोन्हीकडे रांग लागते आणि मग गावाचा खरा स्वभाव बघायला मिळतो. फटफटी तिरपी करून फाटकाखालून काढणारे, दुधाच्या कॅनसकट वाकून जाणारे, पैठणीचा पदर सावरत खालून निघणाऱ्या वऱ्हाडातल्या बाया. मीही गेलो आहे, नाही कशाला म्हणू. उड्डाणपूल मंजूर झाल्याचं मी लग्नाच्या आधीपासून ऐकतो आहे, आणि आता माझी लेक एकोणीस वर्षांची आहे.

ही गोष्ट त्या लेकीची. ती जन्मली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिची वाढ हळू होईल. हळू म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी चुकलंच असतं. ती उशिरा चालली, उशिरा बोलली, वाचायला अजून चार शब्द येतात. पण कोणती मोटार कोणाची हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुकानात कितीही मोटारी ओळीने पडलेल्या असोत, माणूस दारात आला की ती बोट दाखवते, "काका, थे तुमची." मी चिठ्ठी शोधत बसतो आणि तोवर गिऱ्हाईक आपली मोटार उचलून मोकळं होतं.

तिची एक सवय आधी सांगितली पाहिजे. आपलं माणूस दिसलं की ती पळते. दोन्ही हात पसरून, सरळ रेषेत. मधे खुर्ची असो, गाय असो, पाण्याचं डबकं असो, तिला दिसत नाही. बसस्टँडवर मामा दिसला, पळाली. लग्नात आई पंगतीच्या त्या टोकाला दिसली, तर वरणाच्या बादल्या घेतलेल्या वाढप्यांमधून पळाली. लहान होती तोवर लोकांना गंमत वाटायची. मला अजून आवडतं. दिवसभर लोकांची कटकट ऐकून घरी आलेल्या माणसाकडे कोणी असं पळत येतं, यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही.

तिची शाळा फाटकापलीकडे, नव्या वस्तीत. अशाच मुलांची विशेष शाळा. रोज तिची आई तिला स्कूटीवर सोडायची आणि मग आपल्या अंगणवाडीला जायची. अठरा झाली आणि शाळा संपली. त्याच आवारात मोठ्या मुलांसाठी एक कार्यशाळा आहे, तिथे फुलवाती आणि देवाच्या वस्त्रमाळा करतात. कापूस आमच्याकडे पायाखाली असतो. लेकीच्या वाती मी पाहिल्या आहेत. एक वात दुसरीपेक्षा जाड नाही, बारीक नाही. मोटारीची कॉइल गुंडाळताना माझा हात इतका सारखा चालायला कितीतरी वर्षं लागली, आणि ही गाणं म्हणत म्हणत करते.

पण कार्यशाळेची एक अट होती. येणं-जाणं ज्याचं त्याने करायचं. दिवाळीपर्यंत जे एकटे येऊ-जाऊ शकतील, त्यांनाच जागा.

मी भांडायला गेलो. तिथल्या मॅडम रोज अमरावतीहून पॅसेंजरने येतात. वयाने माझ्या लहान बहिणीएवढ्या, आवाज शांत. मी म्हटलं, "जागा द्याची नसन तं सरळ सांगा ना. हे अटी-बिटी काहून?"

"काका, कामावर जाणारं माणूस आईच्या गाडीवर बसून येत नाही," त्या म्हणाल्या.

"मी सोडून देत जाईन. दुकान इथीच तं हाये."

"सोडाल. किती वर्षं सोडाल?"

आमच्यासारख्या आईबापांच्या घरात हा एक प्रश्न असतो, तो कोणी मोठ्याने विचारत नाही. आपण आहोत तोवर ठीक, पुढे काय? मी आणि माझी बायको किराणा, लाईट बिल, नातेवाइकांचे मानपान असं सगळं बोलतो, पण हे बोलत नाही. मॅडमनी ते सरळ टेबलावर ठेवलं. मला त्यांचा रागच आला.

घरी आलो तर लेक आईला सांगत होती, "मी एकटी जाईन. आत्याची पोट्टी जाते ना कॉलेजले एकटी. मंग मी काहून नाई?"

कार्यशाळा आणि घर यांच्या मधे एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे ती लाईन. रस्ता तिला पाठ होता. दुकानदार ओळखीचे, कुत्री ओळखीची. लाईन ओलांडता आली तर ती कामावर जाणार. नाही आली तर माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहणार, आज आणि पुढेही. इतकं सरळ होतं सगळं.

एकट्या माझ्याच लेकीची ही अडचण नव्हती. बरीच मुलं लाईनीच्या अलीकडची. म्हणून मॅडमनी त्यांच्यासाठी रुळांचा वर्ग काढला. आधी शाळेत चित्रं दाखवून झाली होती, फरशीवर खडूने रूळ काढून झाले होते. काही उपयोग नव्हता. "खडी पायाला टोचली पाहिजे, ऊन लागलं पाहिजे, तेव्हा यांना पटतं की रूळ म्हणजे रूळ," असं मॅडम म्हणायच्या. पण मोठ्या लाईनीवर पहिल्याच दिवशी कसं न्यायचं? तिथे दर थोड्या वेळाने गाडी.

त्यांनी जागा शोधली ती मोठी हुशारीची होती. आमच्या गावातून एक छोटी लाईनही निघते. अरुंद रुळांची. तिच्यावरची गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली, रूळ मात्र तसेच आहेत. मधून बाभळी उगवल्या आहेत, बकऱ्या चरतात, उन्हाळ्यात बाया बाजूला खाटा टाकून कुरड्या वाळवतात. मॅडमनी स्टेशनवरच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, शिकवा, तिथे कशाचीच भीती नाही.

दर मंगळवारी वर्ग. प्रत्येकासोबत घरचं एक माणूस हवं. बायकोची अंगणवाडी, म्हणून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून जायचो. दोन बाभळींना लाल ओढणी बांधली की झालं फाटक. मुलं एकेक करून पुढे यायची. थांबायचं. इकडे बघायचं. तिकडे बघायचं. कानाला हात लावून ऐकायचं. मग म्हणायचं, "गाडी नाही. चाल." आणि खडीवरून जपून पलीकडे. पलीकडे गेलं की सगळ्यांच्या टाळ्या.

पावसाळा लागेपर्यंत ही मुलं इतकी तयार झाली की बघत राहावं. तेल्हाऱ्याकडचा एक उंच, आडव्या बांध्याचा मुलगा होता, शाळेच्या वसतिगृहात राहायचा, त्याच्या घरच्या माणसाच्या जागी मॅडमच असायच्या. तो तर सगळं कवायतीसारखं करायचा. माझी लेकही काही कमी नव्हती. आमच्या घरात दारातून अंगणात उतरतानासुद्धा ती थांबायची, दोन्हीकडे बघायची, कानाला हात लावायची आणि "गाडी नाई, चाल" म्हणून चपला घालायची. मी गिऱ्हाइकांना सांगत सुटलो. पोरगी दिवाळीच्या आधीच कामाला लागते बघा.

मग एक दिवस मॅडम सगळ्यांना मोठ्या फाटकाशी, माझ्या दुकानाच्या बाजूला घेऊन आल्या. ओलांडायचं नव्हतं, नुसतं फाटकामागे लांब उभं राहून बघायचं होतं. फाटक पडलेलं. अकोल्याच्या बाजूने मालगाडी येत होती, भोंगा वाजवत, जमीन हादरवत. मॅडमनी विचारलं, "आता काय करायचं?"

तेल्हाऱ्याचा गडी पुढे झाला. थांबला. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कानाला हात लावला. समोर इंजिन, कानात भोंगा, आणि हा पूर्ण विश्वासाने म्हणाला, "गाडी नाही. चाल."

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लेकीने सगळ्यात जोरात.

मॅडमनी त्याचा दंड धरलेलाच होता, त्यामुळे तो जागचा हलला नाही. फाटकाशी थांबलेले लोक खो खो हसले. मीही हसलो. हसता हसता माझं लक्ष मॅडमकडे गेलं. त्या माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या आणि नुसत्या रुळांकडे बघत होत्या.

"त्याचं काही चुकलं नाही, काका," त्या म्हणाल्या. "मी त्याला मान वळवायला शिकवली. वळवून काय शोधायचं, ते दाखवलंच नाही. त्या लाईनीवर कधी गाडी आलीच नाही ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जिथे गाडी येत नाही तिथे आम्ही इतके दिवस गाडीपासून जपायला शिकवत होतो. मुलं प्रामाणिक. त्यांनी जे पाहिलं तेच शिकली. रूळ म्हणजे जिथे थांबायचं, मान वळवायची आणि "गाडी नाही" म्हणायचं, अशी जागा. सुरक्षित जागा शोधण्याच्या नादात आम्ही मोठ्या माणसांनी गाडीच काढून टाकली होती. हा पराक्रम आमच्याच गावात होऊ शकतो, कारण बंद पडलेली लाईन अशी हाताशी दुसऱ्या कोणाकडे असणार?

मॅडमचा चेहरा बघून माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "गाडी पायजे ना? करतो मी गाडी."

वऱ्हाडात दर घराच्या मागे एक मोडका कूलर असतो. आमच्या घरामागे दोन आहेत. त्यांचे पत्रे काढून मी गाडीचं तोंड केलं, काळं-लाल रंगवलं आणि माझ्या जुन्या लुनाच्या पुढे बांधलं. ट्रकचा हॉर्न लावला, शेतातला मोठा लाईट लावला. रुळांच्या बाजूने पाऊलवाट होती, तिच्यावरून लुना चालवायची. बायको म्हणाली, "पाह्य बाप्पा, या वयात काय खूळ काढलं." पण रंगाचा दुसरा हात तिनेच दिला.

पहिल्या दिवशी मी वळणामागे बाभळीत लपलो. मॅडमनी रुमाल हलवला की निघायचं. तेल्हाऱ्याचा गडी उभा. मी हॉर्न दाबला आणि निघालो. त्याने मान वळवली आणि त्याचे डोळे असे मोठे झाले की मलाच माझ्या गाडीची भीती वाटली. "गाडी!" तो ओरडला आणि मागे सरकला. नुसता सरकला नाही, शेजारच्यालाही ओढून मागे नेलं. मॅडम टाळ्या वाजवत नाचायच्याच बाकी होत्या. बकऱ्या मात्र ओरडत शेतात पळाल्या.

मग माझ्या लेकीची पाळी. मी पुन्हा वळणामागे गेलो. पुन्हा हॉर्न. ती थांबली. इकडे बघितलं. तिकडे, म्हणजे माझ्या बाजूला बघितलं. पत्र्याच्या वर माझं डोकं दिसत होतं.

"बाबा!"

आणि पळाली. दोन्ही हात पसरून, सरळ रेषेत, समोरून येणाऱ्या गाडीकडे.

मी हँडल फिरवलं आणि लुनासकट बाभळीत शिरलो. फार लागलं नाही, काटे मात्र सगळीकडे. लेक आली, माझ्या सदऱ्यातले काटे काढायला लागली आणि हसून हसून म्हणाली, "बाबा गाडी झाला!" मी तिच्यावर असा ओरडलो की ती दचकून मागे झाली. मला राग आला नव्हता. मला भीती वाटली होती, आणि मला भीती वाटली की ती तोंडातून रागाच्या आवाजातच बाहेर येते.

मॅडमनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काका, हिला गाडी कळते. फाटकही कळेल. हिची अडचण तुम्ही आहात."

"म्हंजे? मी काय केलं?"

त्यांनी हात करून दाखवलं. तिथून मोठी लाईन दिसत होती, आणि लाईनीच्या पलीकडे माझ्या दुकानाचा निळा बोर्ड. रोज संध्याकाळी काम सुटल्यावर लेक तिकडून येणार. समोर फाटक, फाटकापलीकडे रूळ, आणि रुळांपलीकडे दुकानाच्या दारात बसलेला बाप. ती काय करणार, हे आम्ही दोघांनीही आत्ताच पाहिलं होतं.

दोन दिवस मी दुकानाच्या दारातून फाटक न्याहाळत राहिलो. मग बायकोला म्हटलं, दुकानच हलवतो, बाजारात गाळा बघतो. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हालवा. मंग तिच्या मामालेबी हालवा, मावशीलेबी हालवा, मलेबी कुठी लपवा. गावात तिचं माणूसच ठिवू नका." बायको कमी बोलते, पण बोलली की विषय संपतो.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी नवा धडा सुरू केला. त्याचं नाव होतं, आधी रूळ, मग बाबा. लेकीच्या तोंडी ते लगेच "आंधी रूळ, मंग बाबा" झालं. मी छोट्या लाईनीच्या पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं. ती अलीकडे. लुना आता शाळेचा रिक्षावाला चालवणार, तोंडाला रुमाल बांधून, म्हणजे तो कोणाचा कोणी वाटणार नाही. आणि मला ताकीद होती. हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही, हसायचंही नाही. मी म्हटलं, मॅडम, मला आजवर जास्त बोलू नका असं सगळ्यांनी सांगितलं, हसू नका असं कोणी सांगितलं नव्हतं.

त्या खुर्चीएवढी अवघड बैठक मी आयुष्यात केली नाही. पहिल्या दिवशी लेक ओढणीमागे उभी राहिली आणि मी हसत नाही हे बघून तिचा चेहरा पडला. "बाबा, ये ना," म्हणाली. मी गप्प. "बाबा, तू रागावला का?" मी गप्प. तिचे ओठ थरथरायला लागले आणि मी उठलो. मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या, "काका, खाली बसा!" शाळा सुटल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी बसलो.

त्या दिवशी घरी ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला बसली तेही आईच्या पलीकडे. मी तिच्याजवळ गेलो आणि मला सुचलं तसं सांगितलं. "आईक. रुळाच्या पलीकडे मी हासत नाई. तू इकडे आली का हासतो. मी कुठी जात नाई. तू कितीबी येळ उभी राय, पाह्य, आईक. तू येवोस्तोर मी खुर्चीवरून उठत नाई."

"उठशीन नाई?"

"नाई उठत."

"पानी आलं तं?"

"पानी आलं तरी."

आणि पाणी आलंच की. त्या पावसाळ्यात मी दोनदा त्या खुर्चीवर भिजलो, कारण ती अलीकडे छत्रीत उभी राहून नीट इकडे बघत होती, तिकडे बघत होती आणि मधेच माझ्याकडे बघत होती की हा उठतो का. मी उठलो नाही. रस्त्याने जाणारे गिऱ्हाईक विचारायचे, "काय भाऊ, इथी काहून बसून राहिले?" मी उत्तर द्यायचो नाही, आणि माझं उत्तर आलं नाही म्हणून ते जास्त घाबरायचे.

मॅडम पक्क्या होत्या. कधी गाडी यायची, कधी यायचीच नाही. कधी लुना जायची आणि पाठोपाठ दुसऱ्या बाजूने शाळेचा शिपाई माझ्या बायकोकडून मागून आणलेली स्कूटी घेऊन यायचा, कारण एक गाडी गेली म्हणजे झालं असं नसतं, हे शिकायचं होतं. गाडी खरंच नसेल तेव्हाच "गाडी नाही" म्हणायचं. एकदा मोर्शीकडच्या एका मुलीच्या आईने पहिल्या तोडीची संत्री आणली, तर मॅडमनी मला खुर्चीवर बसून सोलायला लावली. वास पलीकडे जात होता. लेक ओढणी घट्ट धरून उभी, तोंडाला पाणी सुटलेलं, आणि पुटपुटत होती, "आंधी रूळ. आंधी रूळ." लुना गेली. स्कूटी गेली. तिने पुन्हा दोन्हीकडे बघितलं, कान दिला, आणि मग आली. अर्धं संत्रं तोवर माझ्या पोटात गेलं होतं, त्यावरून आमचं भांडण झालं.

मग मोठं फाटक. आधी मॅडमचा हात धरून, मग मॅडम शेजारी, मग मॅडम चार पावलं मागे. फाटकवाला भला माणूस होता. पोरांना बघून म्हणायचा, "या पोराईले काय शिकवता मॅडम, हे तं थांबतेत. या बाकीच्याईले शिकवा." आणि खालून वाकून जाणाऱ्या लोकांना शिट्टी मारायचा. मी त्या दिवसांत फाटकाखालून जाणं बंद केलं. लेक बघत असते ना.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी ती पहिल्यांदा एकटी निघाली. सकाळचं सोपं होतं. सकाळी मी तिच्या पाठीमागे असतो. तिने डबा घेतला, दुकानापाशी मला टाटा केला, फाटक उघडं असूनही थांबली, बघितलं, ऐकलं आणि गेली. थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला, पोचली. मी हूं म्हटलं आणि चुकीच्या मोटारीची तार उलगडून ठेवली.

संध्याकाळ खरी होती. बायकोने बजावून सांगितलं होतं, "बाहीर उभे राहू नका. रोजच्यासारखे बसा." मी रोजच्यासारखा दारात बसलो. समोर मोटार, हातात तार, आणि एकही वेढा धड पडत नव्हता. फाटक पडलं. दोन्हीकडे गाड्या जमल्या. आणि मग पलीकडच्या गर्दीत मला तिची पिवळी ओढणी दिसली.

तिनेही मला पाहिलं. मला पक्कं कळलं. तिची मान माझ्यावर येऊन थांबली, ती बाभळीच्या दिवशी थांबली होती तशीच. माझ्या हातातली तार खाली पडली. मी हसलो नाही, हललो नाही. इतक्यात मालगाडी आली.

लांबच लांब मालगाडी. डब्यांच्या फटींतून पिवळं दिसायचं, पुन्हा डबा, पुन्हा पिवळं. माझं सगळं लक्ष त्या फटींवर. तिथेच आहे. अजून तिथेच आहे. शेवटचा डबा गेला आणि फाटक अजून पडलेलंच, पण लोकांना दम कुठला. दोन्हीकडून माणसं वाकून निघाली. तिच्या शेजारचा एक म्हातारा खाली वाकता वाकता तिला काहीतरी म्हणाला, बहुतेक चाल म्हणाला असेल. तिने मान हलवली. नाही.

ती उभी राहिली. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी जात होती, समोर तिचा बाप बसला होता, आणि ती उभी राहिली. माझ्याकडे बघतही नव्हती. रुळांकडे बघत होती. दुसरी गाडी काही आली नाही. बऱ्याच वेळाने फाटक उघडलं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कानाला हात लावला. तिचे ओठ हलले. मग खडी सांभाळत, पाय बघून टाकत, मागच्या गाड्यांचे हॉर्न खात, ती आली. अलीकडचं फाटक तिच्या मागे गेलं. तिथे ती थांबली, मोठ्याने म्हणाली, "मंग बाबा!" आणि दोन्ही हात पसरून पळत सुटली.

मी उठलो. आता उठायला हरकत नव्हती. माझ्या हाताला वार्निश लागलेलं, ते तिच्या पिवळ्या ओढणीला लागलं आणि पुढे त्याबद्दल आईने आम्हा दोघांना झापलं. मला रडू आलं. रस्त्यावर आलं, गिऱ्हाइकांसमोर आलं, आलं तर आलं.

चहा मागवला. ती स्टुलावर बसून बशीत फुंकर घालत होती, केसांत कापूस अडकलेला. मी विचारलं, "तुले मी तिकडून दिसलो होतो का?"

"हो."

"मंग पळावं नाई वाटलं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की हा काय वेड्यासारखं विचारतो.

"कायले पळू?" ती म्हणाली. "तू तं इथीच हाये."